‘१९४५’ : हंगेरीतल्या एका गावाचा चित्रपट आणि प्रेक्षकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न

आमच्या तालुक्याच्या गावी आम्ही सात-आठ जण मिळून महिन्यातून एकदा चित्रपट दाखवतो. वाचनालयाचा हॉल, भाड्याचा प्रोजेक्टर, भिंतीवर ताणून बांधलेली पांढरी चादर. ‘१९४५’ आतापर्यंत तीनदा दाखवला आणि तिन्ही वेळा लोक रात्री उशिरापर्यंत उठले नाहीत. जे प्रश्न दर वेळी आले तेच इथे घेतले आहेत. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी अर्ध्यावर दिलेल्या सूचनेपाशी थांबावं. पुढे शेवट उघड होतो.

चित्रपटाची गोष्ट थोडक्यात काय आहे?

१२ ऑगस्ट १९४५. हंगेरीतलं एक लहान गाव. युरोपातलं युद्ध संपून तीन महिने झालेत, जपानवर टाकलेल्या अणुबाँबची बातमी रेडिओवर चालू आहे. गावच्या कारभाऱ्याच्या मुलाचं त्याच दिवशी लग्न आहे. सकाळच्या गाडीतून स्टेशनवर दोन ज्यू उतरतात, एक म्हातारा आणि एक तरुण. दोघांच्या अंगावर काळे कपडे. बरोबर दोन मोठ्या पेट्या आहेत. पेट्या एका घोडागाडीवर चढवल्या जातात आणि दोघं गाडीमागून गावाच्या दिशेने चालू लागतात. स्टेशनमास्तर आधी जाऊन वर्दी देतो. ते दोघं गावात पोचेपर्यंत गावाचं काय होतं, एवढीच गोष्ट. लांबी दीड तास.

कोणी केलाय?

दिग्दर्शक फेरेन्त्स तोरोक. गाबोर टी. सांतो या हंगेरियन लेखकाच्या लघुकथेवरून तो बेतलेला आहे आणि पटकथेतही सांतोंचा हात आहे. छायाचित्रण एलेमेर रगायी या ज्येष्ठ कॅमेरामनचं, संगीत तिबोर सेम्झो यांचं. कारभाऱ्याची भूमिका पेटर रुडॉल्फ यांनी केली आहे. २०१७ च्या बर्लिन महोत्सवात तो दाखवला गेला.

ही सत्यघटना आहे का?

गाव आणि माणसं काल्पनिक आहेत. गावाला नाव दिलेलं नाही, आणि ते योग्यच केलं असं मला वाटतं. नाव दिलं असतं तर बाकीच्या गावांना सुटल्यासारखं झालं असतं. ज्या इतिहासावर हे गाव उभं आहे, तो मात्र पूर्ण खरा आहे.

तो इतिहास काय? हंगेरीतल्या ज्यूंचं नेमकं काय झालं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हंगेरी युद्धात जर्मनीच्या बाजूने होता. ज्यूंच्या नोकऱ्या, धंदे आणि लग्नं यांच्यावर बंधनं घालणारे कायदे तिथे १९३८, १९३९ आणि १९४१ साली झाले, आणि ते हंगेरीच्याच संसदेने केले. तरीही १९४४ च्या सुरुवातीपर्यंत तिथले बहुतेक ज्यू जिवंत होते. पोलंडमधले तोवर जवळजवळ संपवले गेले होते.

१९ मार्च १९४४ रोजी जर्मन सैन्य हंगेरीत घुसलं. त्यानंतर जे झालं त्याचा वेग अंगावर येतो. ५ एप्रिलपासून ज्यूंना कपड्यांवर पिवळा तारा लावणं सक्तीचं झालं. त्याच महिन्यात मालमत्तेची यादी द्यायचा हुकूम निघाला. घर, जमीन, दुकानातला माल, दागिने, सगळं लिहून द्यायचं. दुकानं बंद करवली गेली. मग लोकांना घेट्टोंमध्ये, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवायच्या वस्त्यांमध्ये, आणि विटांच्या कारखान्यांच्या आवारात कोंबलं गेलं. १५ मे ते ९ जुलै, म्हणजे आठ आठवड्यांत, सुमारे ४ लाख ३७ हजार माणसं मालगाड्यांतून देशाबाहेर नेली गेली. जवळजवळ सगळ्यांना पोलंडमधल्या आउश्वित्झच्या छळछावणीत नेलं आणि त्यांतल्या बहुतेकांना पोचल्या दिवशीच गॅसने मारलं.

या कामासाठी आलेल्या आइशमन या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखाली फारच थोडी माणसं होती. घरोघर जाऊन लोकांना बाहेर काढलं हंगेरीच्या ग्रामीण पोलिसांनी, याद्या केल्या हंगेरियन कारकुनांनी. रिकाम्या घरांना सील लागलं, सामानाची मोजदाद झाली, आणि घर किंवा दुकान आपल्याला मिळावं म्हणून आसपासच्या लोकांचे अर्ज येऊ लागले.

चित्रपट या अर्जांपासून सुरू होतो असं म्हटलं तरी चालेल. छळछावणी पडद्यावर एकदाही दिसत नाही. दिसतं ते मागे राहिलेलं सामान, आणि ते आता कोणाच्या घरात आहे हे.

ते दोघं कोण? गावातले जुने रहिवासी का?

नाही. म्हाताऱ्याचं नाव शामुएल हर्मान, बरोबर त्याचा मुलगा. गावकऱ्यांनी त्यांना पूर्वी पाहिलेलं नाही. गावातून नेलेल्या कुटुंबाचं आडनाव पोल्लाक. हे दोघं पोल्लाकचे नातलग असतील, वारस असतील, वकिलाने पाठवलेली माणसं असतील, असे तर्क दिवसभर चालतात. पेट्यांत साबण, अत्तरं, पावडरी असल्याची बातमी पसरते, आणि पोल्लाकचं दुकान नेमकं तसल्याच मालाचं होतं. ते दुकान आता कारभाऱ्याच्या ताब्यात आहे. एवढं कळल्यावर गावाला आणखी पुरावा लागत नाही.

पण ते दोघं तर काहीच मागत नाहीत. मग लोक इतके का घाबरतात?

आपल्याकडे म्हणतात ना, चोराच्या मनात चांदणं. चांदणं असं पडलेलं की लपायला जागा नाही, असं चोराला वाटत राहतं. या गावात तो उजेड दिवसभर आहे, ऑगस्टच्या भर उन्हाचा. दोन माणसं रस्त्याने शांतपणे चालतायत, कोणाकडे वर मान करून बघतही नाहीत, आणि प्रत्येक घरात काहीतरी लपवायची धावपळ उडते.

पहिल्या खेळानंतर एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, “त्यांनी एक जरी प्रश्न विचारला असता ना, तर गावाला उत्तर देता आलं असतं. खोटं का होईना.” मला हे अगदी पटलं. आरोप झाला की माणूस तो नाकारू शकतो, चार साक्षीदार उभे करू शकतो. इथे आरोपच होत नाही. त्यामुळे प्रत्येक जण मनातल्या मनात स्वतःवर खटला चालवत राहतो आणि हरत राहतो.

कारभारी म्हणजे नक्की कोण? सरपंच?

निवडून आलेला नाही. सरकारी दप्तर सांभाळणारा माणूस. तलाठी आणि ग्रामसेवक एकाच खुर्चीत बसवले आणि त्याला जुन्या काळच्या पाटलाचा दरारा दिला, की इश्तवान सेन्तेश होतो. हे पद कथेत फार महत्त्वाचं आहे. कोणाचं घर कोणाच्या नावावर चढलं, कोणत्या कागदावर कोणाची सही आहे, हे सगळं त्याला माहीत आहे, कारण तो कागद त्याच्याच टेबलावरून गेला आहे.

पडद्यावर नावं उलटी का वाटतात?

हंगेरियन लोक आडनाव आधी लावतात. आपल्या शाळेच्या हजेरीत असायचं तसंच.

२०१७ चा चित्रपट कृष्णधवल का?

जुना काळ दाखवायचा म्हणून, हे उत्तर मला अपुरं वाटतं. रगायींच्या कॅमेऱ्यात पांढरा रंग फार पांढरा आहे. लग्नाचं टेबल, चुन्याच्या भिंती, वाळत घातलेले कपडे. त्या उजेडात दोन काळे कोट लांबून दिसतात, कितीही लांबून. रंग असते तर शेतं हिरवी दिसली असती, नवरीचे कपडे डोळ्यांत भरले असते आणि नजर तिकडे गेली असती. आणखी एक गोष्ट. कॅमेरा वारंवार खिडकीच्या पडद्याआडून, दाराच्या फटीतून, कुंपणाच्या फळ्यांमधून बघतो. म्हणजे आपणही घरात लपून बाहेर डोकावणाऱ्या गावकऱ्यांच्या शेजारी उभे असतो.

संथ आहे का?

हो. घोड्याच्या चालीने जातो.

(ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी इथे थांबावं.)

पेट्यांमध्ये शेवटी काय निघतं?

मेलेल्यांच्या वस्तू. लहान मुलांचे बूट, खेळणी, पुस्तकं. दोघं गावात कोणाच्याही दारी जात नाहीत, सरळ ज्यूंच्या दफनभूमीत जातात, खड्डा करवून घेतात, त्या वस्तू पुरतात आणि प्रार्थना म्हणतात. जमाव मागोमाग पोचलेला असतो. काय पुरताय, असं विचारल्यावर म्हातारा जे सांगतो त्याचा अर्थ इतकाच, की आमच्या माणसांचं एवढंच उरलं आहे. पुढच्या गाडीने दोघं परत जातात. त्यांना घर नको होतं, दुकान नको होतं.

आमच्याकडे हा प्रसंग चालू असताना हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

वस्तू पुरायची ज्यूंमध्ये प्रथा आहे का?

जीर्ण झालेले धर्मग्रंथ जाळायचे किंवा फेकायचे नाहीत, ते माणसासारखे दफनभूमीत पुरायचे, ही त्यांची जुनी रीत आहे. युद्धानंतर विटंबना झालेल्या पोथ्या ठिकठिकाणी अशाच पुरल्या गेल्या. माणसांना मात्र थडगी नव्हती. राख नद्या-तळ्यांत गेली होती. आपल्या माणसांना माती द्यायला न मिळालेल्या माणसाने त्यांच्या मुलांच्या बुटांना माती देणं, यासाठी वेगळ्या शास्त्राधाराची गरज मला वाटत नाही. ज्यांच्याकडे देह न सापडलेल्या माणसाचा दर्भाचा पुतळा करून संस्कार करतात, त्यांना हे समजावून सांगावं लागू नये.

कुश्तारने गळफास का घेतला? त्याचा गुन्हा तर सेन्तेशपेक्षा लहान होता.

कुश्तार हा गावातला दारुडा. पोल्लाक कुटुंबाविरुद्धच्या कागदावर सेन्तेशने त्याची सही घेतली आणि बदल्यात त्याला घर मिळालं. ते दोघं ज्यू आल्याचं कळताच घर परत करायचं त्याच्या मनात येतं. तो कबुली द्यायला पाद्र्याकडे जातो आणि तिथे त्याला ऐकून घेणारं कोणी भेटत नाही. पाद्र्याला गोष्ट वाढू द्यायची नाही. सेन्तेश त्याला गप्प बसवतो. बायको त्याला वेड्यात काढते. कबुली द्यायला निघालेला हा एकटाच माणूस, आणि सगळं गाव मिळून त्याचं तोंड बंद करतं. मग तो गोठ्याकडे जातो.

तुमचा प्रश्न मी उलटा विचारेन. सेन्तेशने गळफास का घेतला नाही? तो सकाळी आरशासमोर नीट दाढी करतो, कपडे ठाकठीक करतो आणि दिवसभर सगळ्यांना धीर देत फिरतो. आपण केलं ते कायदेशीर होतं, कागद आपल्याकडे आहे, असा त्याचा खरोखर विश्वास आहे. ज्याने सहीला जागा दाखवली तो शांत आणि ज्याने थरथरत्या हाताने सही केली तो अस्वस्थ, हे मला या चित्रपटातलं सगळ्यात खरं निरीक्षण वाटतं. सेन्तेशची बायको अॅना हे सगळं जाणून आहे आणि नशेच्या औषधाखाली दिवस काढते आहे. मुलगा आर्पादला बाप काय आहे हे कळतं तेव्हा तो लग्न टाकून स्टेशनचा रस्ता धरतो. शेवटी दुकानही पेटतं.

कुश्तारची बायको खलनायिका आहे का?

दर वेळी तिच्यावर वाद होतो. बायका तिच्या बाजूने बोलतात आणि पुरुष विरुद्ध, असंही घडलेलं पाहिलंय.

तिला नीट बघा. बातमी कळताच ती गालिचे गुंडाळते, चांदीची भांडी लपवते. हे सगळं ती घरातलं रोजचं काम करावं तशा सवयीने करते. या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या हाताखाली काम केलं असावं आणि आता कुठे तिच्या डोक्यावर पक्कं छप्पर आलंय, असं तिच्या हालचालींवरून वाटतं. हे घर तिला कोणीतरी दिलं, कागदासकट दिलं. ते परत करायचं म्हणजे कुठे जायचं?

म्हणूनच मला तिची भीती वाटते. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा माणूस आपल्या डोळ्यांसमोर राक्षसासारखा येतो. इथे तो एक दमलेली, कष्टाळू बाई होऊन येतो. गालिचा चांगला आहे, थंडीत पायाला ऊब देतो, तो तिथेच पडून राहिला असता तर कसर लागली असती. असा विचार करत करत माणूस तिथवर पोचतो. तिच्याबद्दल कणव वाटावी हे मला मान्य आहे. त्या कणवेच्या भरात गालिचा कोणाचा होता हे विसरू नये, एवढंच माझं म्हणणं.

रशियन सैनिक कशाला दाखवलेत?

एप्रिल १९४५ मध्ये हंगेरीतली लढाई संपली आणि देश सोव्हिएत सैन्याच्या ताब्यात गेला. मार्चमध्येच जमीनदारांची जमीन वाटायचा हुकूम निघाला होता. नव्या राजवटीकडे आशेने बघणारा यान्ची हा तरुण चित्रपटात आहे. म्हणजे गावावर दोन बाजूंनी सावली पडली आहे. जुने मालक परत येतील का ही एक भीती आणि नवे मालक येतील का ही दुसरी. हंगेरीतल्या प्रेक्षकाला पुढचं ठाऊक असतं. १९४९ संपेपर्यंत कारखाने आणि दुकानदारी बहुतेक सरकारजमा झाली. सेन्तेशने ज्या दुकानासाठी पोल्लाकला, आपल्या मित्राला, गाडीत चढवलं, ते दुकान त्याच्याकडे चार-पाच वर्षांपेक्षा जास्त टिकणारच नव्हतं.

प्रत्यक्षात जे ज्यू परत आले त्यांचं गावांनी काय केलं?

अनेक ठिकाणी दार उघडलं ते अनोळखी माणसाने. काही शेजाऱ्यांनी जपून ठेवलेल्या वस्तू इमानाने परत केल्या, त्याच्याही आठवणी लोकांनी सांगितल्या आहेत. पण कटुता वाढत गेली. महागाईने कळस गाठला होता, पैसा कागदाच्या मोलाचा राहिला नव्हता, आणि राग काढायला जुनंच लक्ष्य सापडलं. २१ मे १९४६ रोजी कुनमदाराश या हंगेरियन गावात जमावाने ज्यूंवर हल्ला केला, त्यात माणसं मेली. छावणीतून वाचून आलेल्यांवर शेजाऱ्यांनी घातलेला हा घाला होता. त्याच वर्षी ४ जुलैला पोलंडमधल्या किएल्त्से शहरात ४२ ज्यू मारले गेले. खेड्यांतले उरलेसुरले ज्यू बुडापेस्टला गेले, नाहीतर देश सोडून गेले. आज हंगेरीत शेकडो गावांत ज्यूंची दफनभूमी आहे आणि ज्यू एकही नाही.

हंगेरी आज हे मान्य करतो का?

यावर तिथे अजून भांडण चालू आहे. २०१४ साली बुडापेस्टच्या स्वातंत्र्य चौकात सरकारने जर्मन आक्रमणाच्या बळींचं स्मारक उभारलं. त्यात हंगेरी म्हणजे निष्पाप देवदूत आणि त्याच्यावर झडप घालणारा जर्मन गरुड. मग याद्या कोणी केल्या, गाड्यांत कोणी चढवलं, हे त्या शिल्पात कुठेच नाही. त्यावर लोकांनी मोर्चा काढून न थांबता एक वेगळंच काम केलं. स्मारकासमोर रस्त्याच्या कडेला घरच्या वस्तू आणून ठेवल्या. आजोबांचा फोटो, जुनी सूटकेस, बूट, चष्मा, हाताने लिहिलेली पत्रं, दगड. पावसापाण्यात त्या भिजतात आणि लोक नव्या आणून ठेवतात. हे वाचल्यावर मला चित्रपटातल्या त्या दोन पेट्याच आठवल्या.

गावात एकही चांगला माणूस नव्हता का? हे जरा एकांगी वाटतं.

हंगेरीत जीव धोक्यात घालून माणसं वाचवणारे होते. सारा शल्काहाझी या जोगिणीने अनेकांना मठाच्या घरांत लपवलं. त्यासाठी २७ डिसेंबर १९४४ रोजी तिथल्याच फॅसिस्टांनी तिला डॅन्यूबच्या काठावर गोळ्या घातल्या. पण हा चित्रपट धैर्यवानांचा नाही. धैर्य न दाखवलेल्या, आणि त्यामुळे थोडा फायदा झालेल्या, माणसांचा आहे. अशी माणसं सगळीकडे संख्येने जास्त असतात. आणि तो घोडागाडीवाला विसरू नका. तो काही लपवत नाही, ठरलेलं काम करतो.

आपल्याकडच्या ज्यूंशी याचा काही संबंध आहे का?

रायगडच्या प्रेक्षकांकडून हा प्रश्न हमखास येतो, कारण बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, त्यांच्या शेजारचे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’, घरात मराठी बोलणारे. त्यांचा इथे छळ झाला नाही. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक हळूहळू इस्रायलला गेले ते आपल्या मर्जीने.

माझ्या मावशीचं रेवदंड्याजवळचं घर अशाच एका कुटुंबाकडून घेतलेलं. लोक अजून त्याला ‘इस्राएलाचं घर’ म्हणतात. पुढच्या दाराच्या उजव्या चौकटीवर, खांद्याच्या उंचीला, वीतभर लांबीची एक तिरपी खाच आहे, वर-खाली खिळ्याचं एकेक भोक. तिथे मेझुझा असायची, प्रार्थनेचा कागद ठेवलेली छोटी डबी. घराला तीन वेळा रंग लागला, पण मावशीने ती खाच कधी लांबी भरून बुजवू दिली नाही. काही वर्षांपूर्वी त्या कुटुंबातली एक नात आई-वडिलांचं गाव बघायला आली. मावशीने तिला आत नेलं, माजघर, विहीर, सगळं दाखवलं. त्या मुलीने खाचेवर बोट ठेवलं आणि ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मावशी चहा ठेवायला आत गेली. तिला काही लपवायचं नव्हतं. खरेदीखत कपाटात होतं, आणि ते दोन्ही बाजूंच्या राजीखुशीचं होतं. हंगेरीतल्या त्या गावात कोणाला हे करता आलं नसतं, आणि हा फरक मला त्या दिवशी मावशीच्या ओटीवर बसून जेवढा कळला तेवढा पुस्तकांतून कळला नव्हता.

मुलांना दाखवावा का?

रक्तपात नाही, पण आत्महत्या आहे. नववी-दहावीपासून पुढे दाखवावा, आणि नंतर त्यांच्याशी बोलायला वेळ ठेवावा.

शेवटच्या दृश्यातला धूर म्हणजे काय?

गाडीच्या इंजिनाचा धूर. तो दाट, काळा होऊन आभाळभर पसरतो आणि कॅमेरा बराच वेळ त्याच्यावरून हलत नाही. मागच्या वर्षी गाड्या कुठे गेल्या होत्या आणि तिथे कसला धूर होता, हे ज्याला माहीत आहे त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

दुसऱ्यांदा बघताना कशाकडे लक्ष द्यावं?

आवाज ऐका. संगीत मोजकंच आहे. बाकी वेळ घड्याळ, माश्या, चाकांची करकर, घोड्याच्या टापा. मग घरांमधलं सामान बघा. आरसे, कपाटं, टेबलावरची कापडं. पहिल्यांदा ती नुसती पार्श्वभूमी वाटते. दुसऱ्या वेळी तुम्ही प्रत्येक वस्तूकडे बघून मनात विचारू लागता, ही कोणाची? आणि त्या दोघांची पावलं बघा. घोडागाडीवर जागा असते, त्यांना वर बसता आलं असतं. पण पेट्या पुढे आणि माणसं मागे, पायी, न बोलता, असेच ते सगळा रस्ता जातात. मी हे तिसऱ्या खेळाला पाहिलं. शेजारी बसलेले एक काका तेव्हा हळूच म्हणाले, “अरे, ही तर प्रेतयात्रा आहे.”